पहिला क्रमांक, पण कितींपैकी?

नारळी-पोफळीच्या बागा, महादेवाचे देऊळ आणि शांत समुद्रकिनारा यांसाठी गुहागर तालुक्यातले वेळणेश्वर पर्यटकांच्या ओळखीचे आहे. कोकणात अशा किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ‘घरगुती निवास व भोजन’ अशा पाट्या दिसतात. मोक्याच्या वळणावर ठोकलेली पाटी येणाऱ्या प्रत्येकाला दिसते. पण आता पुण्या-मुंबईचा माणूस निघण्यापूर्वीच गूगलवर ‘वेळणेश्वर निवास’ असा शोध घेतो. तिथली पाटी मात्र कायमची नसते. प्रत्येक शोधाच्या वेळी, डोळ्याचे पाते लवण्याआधी, तिचा नव्याने लिलाव होतो.

या लिलावाची सुरुवात १९९८ मध्ये ‘गो-टू’ या अमेरिकी संकेतस्थळाने केली. नियम सोपा होता : जो जास्त पैसे देईल तो वर. गूगलने २००२ मध्ये त्यात दोन बदल केले. पहिला, बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही, म्हणजे ती पाहून लोक तिच्यावर बोट ठेवण्याची शक्यता, मोजायचा. दुसरा, विजेत्याने स्वतःची पूर्ण बोली द्यायची नाही. खालच्याला मागे ठेवण्यापुरतेच पैसे द्यायचे. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच किंमत घेणाऱ्या लिलावाचे गणित विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये मांडले होते. अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना १९९६ मध्ये मिळाले.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तीन निवासांच्या बोली व दर्जा असे आहेत : अ – १० रुपये, दर्जा ४, ब – ६ रुपये, दर्जा ८, क – ५ रुपये, दर्जा ५. गुणाकार अनुक्रमे ४०, ४८ आणि २५. म्हणजे कमी बोलीचा ब पहिला! त्याने द्यायचे ४० भागिले ८, म्हणजे ५ रुपयांहून किंचित जास्त. दुसऱ्या आलेल्या अ ला मात्र २५ भागिले ४, म्हणजे सव्वासहा रुपये पडतात. प्रत्यक्षातले सूत्र याहून गुंतागुंतीचे आहे. शोधणाऱ्याचे ठिकाण, वेळ, किमान पात्रता हेही त्यात येतात. तत्त्व मात्र हेच.

आता खरा प्रश्न. आपली जाहिरात चांगली चालली आहे हे निवासाच्या मालकाने कसे ओळखावे? ‘सरासरी क्रमांक’ पाहावा, असे चटकन सुचेल. समजा, मे महिन्यात आपल्या जाहिरातीला योग्य असे १००० शोध झाले. जाहिरात ८०० वेळा दिसली : ३०० वेळा पहिली, ३०० वेळा दुसरी, २०० वेळा चौथी. सरासरी क्रमांक २.१. जूनमध्येही शोध १०००च झाले, पण मालकाने बोली कमी केली. जिथे चुरस होती तिथे जाहिरात गळालीच. ती ३०० वेळाच दिसली : २०० वेळा पहिली, १०० वेळा दुसरी. सरासरी क्रमांक १.३!

क्रमांक सुधारला आणि पाहणारे मात्र निम्म्याहून कमी झाले. ही किमया कशी झाली? सरासरीच्या छेदात जाहिरात जिथे दिसली तेवढेच शोध असतात. जिथे ती दिसलीच नाही, ते शोध हिशेबातच येत नाहीत. शिवाय १ आणि ५ यांची सरासरी ३ येते, पण तिसऱ्या जागेवर जाहिरात एकदाही आलेली नसते.

म्हणून दुसरे माप लागते : इंप्रेशन शेअर, म्हणजे दर्शनाचा वाटा. जितक्या वेळा जाहिरात दिसली त्याला, जितक्या वेळा ती दिसू शकली असती, त्या संख्येने भागायचे. मे महिन्यात हा वाटा ८० टक्के, जूनमध्ये ३० टक्के. उरलेले ७० टक्के कशाने गेले तेही सांगितले जाते : दिवसाचे पैसे संपले म्हणून, की लिलावात गुणाकार कमी पडला म्हणून. पहिल्या दुखण्यावर खर्चाचा मेळ घालावा लागतो. दुसऱ्यावर बोली किंवा दर्जा वाढवावा लागतो. गूगलने सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस सरासरी क्रमांक देणे बंद केले. त्याऐवजी वरच्या भागात आणि अगदी पहिल्या जागी जाहिरात किती टक्के वेळा आली, हे सांगितले जाऊ लागले.

पण या मापाचाही छेद तपासावा. ‘दिसू शकली असती’ हा आकडा जाहिरात विकणारी कंपनीच अंदाजाने काढते. आणि मालकाने फक्त गुहागर तालुक्यापुरतीच जाहिरात ठेवली, तर वाटा ९५ टक्केही येईल. पण पुण्यातून शोधणारा त्या छेदात नसेलच. आणि मुक्कामाला तर तोच येणार!

शिक्षकांना हे नवे वाटणार नाही. कच्ची मुले परीक्षेला बसलीच नाहीत, तर वर्गाची सरासरी वाढते. मुले मात्र तेवढीच शिकलेली असतात. वरचे दोन महिन्यांचे आकडे फळ्यावर लिहून आधी सरासरी आणि मग वाटा विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. कोणताही उत्तम आकडा समोर आला की ‘छेदात कोण नाही?’ हे विचारण्याची सवय त्यातून लागली, तर तास सार्थकी लागला.