लग्नाच्या अल्बममधली टॉकीज

तालुक्याच्या गावात टॉकीजचा फोटो मुद्दाम कुणी काढत नसे. फोटो असायचा वरातीचा, गणपतीच्या मिरवणुकीचा, नव्या मोटारसायकलीवर बसलेल्या मेव्हण्याचा. टॉकीज मागे आपोआप यायची. म्हणूनच मराठवाड्यातल्या अंबाजोगाईच्या सिनेमागृहांचा इतिहास शोधताना मंडी बाजारातल्या जुन्या घरांच्या ट्रंका आधी उघडाव्या लागतात. सरकारी दफ्तर त्यानंतर.

असा फोटो काय काय सांभाळतो, ते मुंबईत दिसतं. 14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला. चार आण्यांचं तिकीट बाहेर चार-पाच रुपयांना विकलं जात होतं, अशी आठवण निर्माते अर्देशर इराणी यांनी सांगून ठेवली आहे. आज या चित्रपटाची एकही प्रिंट उपलब्ध नाही आणि मॅजेस्टिकची इमारतही पाडली गेली. उरलेत ते थोडे फोटो. थिएटरचा दर्शनी भाग, त्यावर झळकणारं चित्रपटाचं नाव आणि खाली जमलेली माणसं, एवढाच त्या खेळाचा डोळ्यांना दिसणारा पुरावा.

मॅजेस्टिक उभं करणारे इराणींचे भागीदार अब्दुलअली युसुफअली हे मूळचे तंबूवाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 100 फूट लांब आणि 50 फूट रुंद तंबू घेऊन ते ब्रह्मदेश, सिंगापूर, सुमात्रा फिरले. एका खेळाला हजारभर माणसं बसत. पक्क्या भिंतींच्या थिएटराआधी तंबू होता, आणि महाराष्ट्राच्या जत्रांमध्ये तो पुढे शंभर वर्षं टिकला. माहितीपटकार अमित मधेशिया आणि शर्ली अब्राहम यांनी या टुरिंग टॉकीजचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. रात्रीच्या खेळाला घोंगडी पांघरून, तोंड उघडं ठेवून पडद्याकडे बघणाऱ्या प्रेक्षकांचे मधेशियांचे फोटो 2011 साली वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत गौरवले गेले. मला ते कुठल्याही संगमरवरी लॉबीच्या फोटोपेक्षा मोलाचे वाटतात, कारण सिनेमा ज्यांच्यासाठी होता ती माणसं त्यांत आहेत.

आता घरातला फोटो हातात घेऊ. समजा, वरातीमागे भिंतीवर ‘पिंजरा’चं पोस्टर दिसतंय. ‘पिंजरा’ 1972चा, तेव्हा फोटो त्याआधीचा नाही एवढं पक्कं. पण 1972चाच, असं मात्र म्हणता येत नाही. मोठ्या शहरांत फिरून झिजलेली प्रिंट लहान गावात उशिरा पोचायची आणि गाजलेला चित्रपट पुन्हा पुन्हा लागायचा. मग इतर खुणा बघायच्या: नवरदेवाच्या पँटची मोहरी, रस्त्यावरच्या गाडीचं मॉडेल, बुकिंगच्या खिडकीवरचे दर, ‘लेडीज’ची वेगळी खिडकी. बाहेरून थेट वर जाणारा अरुंद जिना दिसला, तर तो बहुधा ऑपरेटरच्या केबिनचा. जुनी नायट्रेट फिल्म चटकन पेट घ्यायची, म्हणून केबिन प्रेक्षकांपासून तोडून बांधत. कार्बनच्या कांड्या जाळून प्रकाश मिळवायचा तर धूर बाहेर जायला धुराडंही लागे.

अंबाजोगाईच्या फोटोत आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती लिपी. 1948पर्यंत हे गाव निजामाच्या राज्यात होतं, राज्यकारभार उर्दूत चाले आणि गावाचं नाव होतं मोमिनाबाद. पाटीवर उर्दू दिसली किंवा फोटोच्या पाठीवर स्टुडिओच्या शिक्क्यात ‘मोमिनाबाद’ वाचता आलं, तर काळाचा अंदाज बराच मागे सरकतो. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी चित्रपट व्यवसायाच्या नकाशावर तो ‘निजाम’ टेरिटरीतच राहिला. त्यामुळे इथल्या टॉकीजचे कागद शोधणाऱ्याने औरंगाबाद-मुंबईवर न थांबता हैदराबादचं दफ्तरही पालथं घालावं.

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी तिथे चित्रपटांबरोबर पोस्टरं, फोटो, गाण्यांची चोपडीही जमवली. सिनेछायाचित्रकार हेमंत चतुर्वेदी अलीकडे देशभर फिरून बंद पडलेल्या एकपडदा थिएटरांचे फोटो काढत आहेत. पण वरातीमागची टॉकीज त्यांच्या हाती लागणार नाही. ती गावानेच शोधायला हवी, आणि अंबाजोगाईला हे काम परकं नाही. संतकवी दासोपंतांनी कापडावर लिहिलेली सुमारे 40 फूट लांबीची पासोडी या गावाने चारशे वर्षं जपली आहे.

फोटो सापडला की दोन्ही बाजूंनी स्कॅन करावा. पाठीवरचा शिक्का आणि तारीख पुढच्या चेहऱ्यांइतकीच कामाची असते. अल्बममधून ओढून काढू नये, डिंकाने चिकटलेला कागद फाटतो. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनची शाई पुढे उमटते. आणि तो फोटो घेऊन आधी जुन्या डोअरकीपरकडे, ऑपरेटरकडे जावं. पाटीवरचं अर्धं नाव, भिंत कोणत्या पावसाळ्यात पडली, फिल्मची पेटी कुठल्या एसटीने यायची, हे सांगणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.