घेताना की सोडताना?

चंद्रपुरात कोणाला दम लागला, की निदान शेजारीपाजारीच करून मोकळे होतात : धूळ! कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र, सिमेंटचे कारखाने; कारण शोधायला लांब जावे लागत नाही. मलाही पटले. तीन वर्षे मी दम्याचा पंप इमानाने ओढला. वर सासूबाईंचा अडुळशाचा काढा होताच.

उतार मात्र पडेना. वर्गात महाप्राण व्यंजने शिकवताना माझाच प्राण अपुरा पडू लागला. दुसऱ्या मजल्यावर तास असला, की मी जिन्यात सूचनाफलक वाचत उभी राही, महिन्यापूर्वीच्या सूचनासुद्धा! (प्राचार्यांनी हे वाचू नये.) माझा श्वास पहिल्या बाकापर्यंत ऐकू जाई. पोरे बिचारी वहीत डोके घालीत.

शेवटी नागपूर गाठले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "बाई, आवाज श्वास घेताना येतो, की सोडताना?"

भाषा शिकवण्यात निम्मा जन्म गेला, पण श्वास आणि उच्छ्वास यांतला भेद मला कोणी विचारला नव्हता. "घेताना," मी म्हटले. दमा बहुधा सोडताना वाजतो. घशाखालची वाट अरुंद झाली, की घेताना.

नळीत फुंकून काढलेला आलेख वर-खाली दोन्हीकडे चपटा आला. नाकातून बारीक दुर्बीण घातली, तो स्वरतंतूंच्या खाली, कूर्चेच्या गोल कडीपाशी, वाट शिसपेन्सिलीहून बारीक! पूर्वी घशात नळी घातली होती? क्षय? रक्तवाहिन्यांचा दाह? सगळ्यांची उत्तरे नकारार्थी. कारण न सापडणारा हा विकार वैद्यकाने १९७२ साली नोंदला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ८१० रुग्णांपैकी शेकडा ९८ बायका होत्या. असे का, ते अजून उलगडलेले नाही.

भूल देऊन तोंडावाटेच लेझरने वण छेदला, फुगा फुगवून वाट रुंद केली. दुसऱ्या दिवशी मी जिना न थांबता चढले आणि वर जाऊन रडले. पण हा वण पुन्हा आवळतो. आवळलेला भागच कापून श्वासनलिका जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया आहे. तिच्यानंतर तो क्वचितच उलटतो, पण आवाज उतरू शकतो. आवाज ही माझी भाकरी. मी फुग्यावरच भागवते. आतापर्यंत दोनदा झाला.

परवा भामरागडकडून जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. आईला दम्याची औषधे लागू पडत नाहीत. "चुलीचा धूर असेल ना, मॅडम?" तिथून नागपूर गाठायचे म्हणजे एसटीत अख्खा दिवस मोडतो, मजुरी बुडते ती वेगळीच.

मी म्हटले, "आधी फोन आईच्या तोंडाजवळ धर बघू."