हाताचे घट्टे, पायाची कुरुपे

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. वर्षभर जू वाहून राठ झालेल्या खांद्याला हळद आणि लोणी किंवा तूप लावून तो हलक्या हाताने चोळतो. ज्या हाताने हे चोळायचे, त्या हाताकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. रुमणे, कुदळ, कोयता, खुरपे धरून धरून त्या तळव्यालाही तसाच राठपणा आलेला असतो. बैलाला वर्षातून एक दिवस तरी मिळतो; मालकाच्या हाताला आणि मालकिणीच्या टाचेला तोही नाही.

घट्टा हा मुळात रोग नव्हे. कातडीच्या सगळ्यांत वरच्या थरातील पेशी मेलेल्या असतात. खालून नव्या पेशी वर येतात आणि जुन्या झडून जातात. एकाच जागी रोज दाब आणि घासणी होऊ लागली की कातडी स्वतःच्या रक्षणासाठी भराभर पेशी तयार करते. त्या झडत नाहीत, थरावर थर साचतात. नखे, केस, बैलाचे शिंग आणि खूर ज्या द्रव्याचे बनतात, तेच द्रव्य या थरात असते. म्हणून घट्टा कापला तरी रक्त येत नाही आणि दुखत नाही. हे कातडीचे चिलखत आहे. नांगरट तोंडावर आली असताना तळहाताचे सगळे घट्टे काढून टाकले, तर दुसऱ्या दिवशी फोड येणार हे नक्की. तेव्हा घट्टा समूळ काढायचा नसतो. तो फार जाड होऊन चिरू नये, दुखू नये, एवढा पातळ ठेवायचा असतो.

कुरूप मात्र वेगळे. घट्टा पसरट असतो आणि त्याच्यावर कातडीच्या रेषा दिसतात. कुरूप लहान, गोल, मध्ये मुगाच्या दाण्याएवढा टणक खडा असलेले. त्याचे टोक आत गेलेले असते, म्हणून वरून दाबले की कळ मस्तकात जाते. बोटांवर किंवा तळव्याच्या हाडाखाली ते होते. दोन बोटांच्या बेचक्यातले कुरूप घामाने मऊ आणि पांढरे पडते. तळव्यावरची चामखीळही पुष्कळदा कुरूप समजून घासली जाते. ओळखायची खूण अशी : चामखीळ वरून दाबण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते, तिच्यावर कातडीच्या रेषा नसतात आणि बारीक काळे ठिपके दिसतात. ती विषाणूमुळे होते आणि पसरते. तिला घासू नये, डॉक्टरांना दाखवावी. बाभळीचा काटा आत मोडून राहिला तरी अशीच गाठ होते. तिथेही घरी कोरत बसू नये.

आता घरचा उपाय. रात्रीची जेवणे उरकली की घमेल्यात कोमट पाणी घ्यावे. पाणी कोपराने पाहावे. राठ तळव्याला उष्णता कळत नाही. त्यात दहा-पंधरा मिनिटे पाय किंवा हात बुडवून ठेवावेत. थोडा साबण टाकला तर मळही सुटतो. घट्टा भिजून पांढुरका आणि मऊ झाला की वजरीने किंवा पाय घासायच्या दगडाने हलके घासावे. जोर लावायचा नाही. भुगा निघेल तेवढा काढावा. कातडी गुलाबी दिसू लागली किंवा जरा हुळहुळली की थांबावे. एका रात्रीत काम उरकायची घाई करू नये. वर्षभर साचलेला थर जायला आठवड्यातून दोन-तीन वेळा असे करून काही आठवडे लागतात. वजरी प्रत्येकाची वेगळी असावी, निदान साबणाने धुऊन वाळवलेली असावी.

घासून झाले की पाय टिपावेत. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, तिथे तेल लावू नये. पावसाळ्यात चिखल्या होतात त्या ओल राहिल्यानेच. बाकी ठिकाणी कातडी किंचित ओलसर असतानाच खोबरेल, एरंडेल किंवा व्हॅसलीन चोळावे म्हणजे पाणी आत राहते. कोकणात भेगांना कोकमाचे तेल लावतात. ते एरवीही घट्टच असते, जरा गरम करून घ्यावे लागते, पण भेगांवर छान बसते. वर जुने सुती मोजे घालून झोपावे. औषधाच्या दुकानात युरिया असलेले मलम मिळते, तेही जाड कातडी मऊ करते. नाव ऐकून हसू येईल, पण युरिया तोच. म्हणून कोणी खताच्या पोत्यातली चिमूट तेलात कालवू नये! खत ते खत. ते कातडीला लावण्यासाठी बनवलेले नसते, आणि अलीकडे तर त्याला निंबोळी तेलाचा लेपही असतो.

कुरुपावर लावायची पट्टी मिळते, तिच्यात सॅलिसिलिक आम्ल असते. ते मेलेली कातडी विरघळवते, पण शेजारची चांगली कातडीही सोडत नाही. पट्टीतला औषधाचा ठिपका कुरुपापेक्षा मोठा नसावा, आजूबाजूला व्हॅसलीन लावावे आणि जळजळ झाली की पट्टी काढून टाकावी.

जे करू नये त्याबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण नुकसान तिथेच होते. आपल्याकडे कुरुपावर बिब्बा घालतात, चुना आणि सोडा एकत्र करून लावतात, रुईचा चीक सोडतात, नाहीतर सरळ ब्लेड घेऊन बसतात. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते. कित्येकांना ते उतते, पाय सुजतो, पाण्याचे फोड येतात. चुना-सोड्याने खोल जखम होते. रुईचा चीक बोटाला राहून डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. आणि ब्लेड! शेणामातीत वावरणाऱ्या पायाला ब्लेडने झालेली जखम म्हणजे धनुर्वाताला दिलेले आवतण. असे काही घडलेच तर जखम साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनची गरज आहे का ते विचारावे.

आमच्या वाडीतले एक आजोबा दर अमावास्येला ओट्यावर बसून कुरूप तासत. न्हाव्यापेक्षा माझा हात हलका, असे म्हणत. एकदा जरा खोल गेले. रक्त आले, पण दुखले नाही. दुखले नाही म्हणून त्यांनी हळद दाबली आणि दुसऱ्या दिवशी पाणी धरायला गेले. आठ-दहा दिवसांनी घरात वास येऊ लागला, तेव्हा सुनेने पाय पाहिला. तालुक्याला नेल्यावर रक्तातली साखर तपासली, ती भलतीच वाढलेली. अंगठा काढावा लागला. मधुमेह आहे हे त्यांना त्या दिवशी कळले.

या गोष्टीतला ‘दुखले नाही’ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. मधुमेह पुष्कळ दिवस राहिला की पायाच्या शिरा बधिर होतात, रक्तही कमी पोचते. मग जाड घट्ट्याच्या खाली जखम होते आणि वर झाकण तसेच राहते. कुष्ठरोगातही असेच होते. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात आले. त्यांनी दाखवून दिले की कुष्ठरोग्याची बोटे आपोआप सडून झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून रोजच्या इजांनी ती झिजतात. त्यांनी एक प्रसंग लिहून ठेवला आहे. गंजलेले कुलूप त्यांच्याने उघडेना, ते एका आजारी मुलाने सहज उघडले. पाहतात तो मुलाचे बोट हाडापर्यंत कापलेले, आणि मुलाला पत्ताच नाही.

म्हणून मधुमेह असलेल्यांनी किंवा ज्यांच्या पायाला बधिरपणा, मुंग्या आहेत त्यांनी वजरी, कुरुपाची पट्टी, गरम पाण्याचे शेक, काहीच घरी करू नये. रोज रात्री तळवा पाहावा. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून पाहावा, नाहीतर नातवाला दाखवावा. घट्ट्याखाली काळसर-लाल डाग, ओल, वास किंवा सूज दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. अंगावर बधिर चट्टा असेल तर तोही दाखवावा. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि रोग बरा होतो. बधिर पायांसाठी मऊ रबराच्या खास चपला असतात, त्यांची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी.

इतके करूनही घट्टा किंवा कुरूप पुन्हा होतेच, अशी तक्रार असते. दाब तोच राहिला तर होणारच. चप्पल संध्याकाळी घ्यावी, कारण दिवसभराच्या कामाने पाय थोडा फुगलेला असतो. पुढे अंगठ्याएवढी जागा सुटावी. चपलेचा खिळा वर आला असेल तर आजच ठोकावा. कुदळीचा, फावड्याचा दांडा खरबरीत असेल तर पॉलिश पेपरने गुळगुळीत करावा, वर सायकलची जुनी ट्यूब चढवावी. दांडा हातात सैल फिरत असेल तर माणूस तो जास्त आवळून धरतो आणि घट्टे वाढतात. ऊसतोडीला आणि कापूस वेचायला हातमोजे घालायला कोणी लाजू नये.

अंगठ्याच्या सांध्यावर, बाहेरच्या बाजूला घट्टा असेल तर तो बहुधा धार काढण्याचा. अंगठा दुमडून सड त्यावर दाबून धार काढायची सवय पुष्कळांना असते. त्याने आपल्या सांध्याला घट्टा पडतो आणि जनावराच्या सडालाही इजा होते. पूर्ण मूठ वळून, तळहातात सड धरून धार काढावी. पहिले काही दिवस वेळ जास्त लागतो, बोटे भरून येतात. पण महिना-दोन महिन्यांत अंगठ्याचा घट्टा मऊ पडू लागतो आणि लाथ मारणारी म्हैसही बऱ्याचदा शांत उभी राहते.