फक्त गोड खायला जायचंय!

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळची गोष्ट. भिवंडीतल्या आमच्या आळीत राहणारा, यंत्रमागावर काम करणारा एक गृहस्थ पेढे घेऊन घरी आला. मुलीला चांगले गुण मिळाले होते. पेढा हातावर ठेवून तो जरा घुटमळला आणि मग हळू आवाजात म्हणाला, ‘‘मास्तर, एक विचारू का? पोरगी म्हणते, ठाण्याला त्या मोठ्या हॉटेलात जाऊ. तिथला तो गरम चॉकलेटचा केक तिनं मैत्रिणीच्या फोनवर बघितलाय. चौघांचं जेवण आपल्याला काही झेपायचं नाही. पण नुसतं गोड खायला गेलं तर चालतं का हो तिथं? की दारातूनच परत पाठवतात?’’

मंडळी, प्रश्न वरवर केकचा होता. खरा प्रश्न होता तो पोरीच्या देखत मान खाली घालावी लागेल की काय, हा. मी त्यांना म्हटलं, ‘‘चालतं. खुशाल जा. पण कधी जायचं आणि काय बोलायचं, तेवढं ऐकून जा.’’ त्यांना जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाकू या. नुसतं गोड खाणं यात कमीपणा काहीच नाही. आपल्याकडे गोडाला शेवटची पायरी कधी नव्हतीच. पंगतीत जिलबी किंवा श्रीखंड जेवणाच्या ऐन मध्यावर येतं, तेही आग्रहानं. सुश्रुतानं तर जेवणाची सुरुवातच गोडानं करावी असं सांगितलं आहे. ‘डेझर्ट’ हा शब्द फ्रेंच. त्याचं मूळ टेबल आवरणं, ताटं उचलणं या अर्थाच्या क्रियापदात आहे. ताटं उचलल्यावर यायचं ते डेझर्ट. एकामागून एक पदार्थ वाढण्याची पद्धत युरोपात एकोणिसाव्या शतकात रूढ झाली आणि मोठ्या रेस्टॉरंटांनी ती उचलली. आपण ताटाआधीच शेवटचा पदार्थ मागतो, म्हणून वेटर क्षणभर थबकतो. त्याला आपण लगेच अपमान समजतो.

आणि भिवंडीकराला हे वेगळं सांगायला नको. रमजानच्या रात्री आपण मालपुवा आणि फिरनी खायला बाहेर पडतोच की! हौशी मंडळी तर मुंबईला मिनारा मशिदीजवळ सुलेमान उस्मान मिठाईवाल्याकडे जातात. ते दुकान १९३६ पासूनचं. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या ‘बादशाह’मध्ये १९०५ पासून लोक फालुदा प्यायला येतात. तिथं कुणी विचारत नाही, की बाबा, जेवणाचं काय? मग मोठ्या रेस्टॉरंटात फरक कुठं पडतो? फरक पडतो तो टेबलाचा.

हे भिवंडीच्या माणसाला मागाच्या भाषेत चटकन कळतं. माग बंद उभा राहिला तरी गाळ्याचं भाडं थांबत नाही. म्हणून मालक किती माग आहेत यापेक्षा किती तास चालले ते मोजतो. रेस्टॉरंटवाल्याचं टेबल म्हणजे त्याचा माग. जागेचं भाडं, वातानुकूलन, आचारी, वाढपी हा खर्च टेबल भरलेलं असो वा रिकामं, चालूच असतो. शनिवारी रात्री आठ ते अकरा या वेळात एका टेबलावर दोन पंगती उठल्या, तर त्याचं गणित जमतं. त्या वेळात चौघांच्या टेबलावर एक केक आणि चार चमचे घेऊन कुणी तासभर बसलं, तर एक पंगत बुडाली. हेच टेबल बुधवारी दुपारी चार वाजता रिकामं असतं. तेव्हा तुमचा एक केकसुद्धा त्याला हवाच असतो.

तेव्हा सगळ्या शिष्टाचाराचं सार एका वाक्यात सांगायचं तर असं: आपण थोडं मागवतो याची लाज नको, पण आपण जागा किती वेळ अडवतो याचं भान हवं.

हे शहाणपण मला चूक करून आलं. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही चौघं एका महागड्या रेस्टॉरंटात गेलो होतो. वार शनिवार, वेळ रात्री साडेआठची. दाराबाहेर लोक ताटकळत होते. आम्ही आत बसलो, पाणी प्यायलो, मेन्यूकार्ड चाळून झालं आणि मग एक आइस्क्रीमचा पदार्थ मागवला. वेटरनं कार्ड जवळजवळ हिसकावूनच घेतलं. आमची चव गेली. त्याचं वागणं चुकलंच, यात शंका नाही. पण घरी आल्यावर वाटलं, बाहेर उभ्या असलेल्या त्या लेकुरवाळ्या कुटुंबाच्या जागी आपण असतो तर? आपणही थोडे चुकलोच होतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते पाहू. पहिली गोष्ट, आधी फोन करा. ‘‘आम्ही चौघं फक्त डेझर्टसाठी येणार आहोत, कोणत्या वेळी आलेलं बरं?’’ एवढंच विचारा. काही ठिकाणी रात्रीच्या वेळी माणशी किमान रकमेची अट असते, काही ठिकाणी दुपारी तीन ते सात स्वयंपाकघर बंद असतं. कशेळीचा पूल ओलांडून, वाहतुकीतून वाट काढत जायचं आणि दारात ‘बंद आहे’ ऐकायचं, हे फोनच्या दोन मिनिटांत टळतं.

दुसरी गोष्ट, वेळ. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारनंतरची वेळ सगळ्यांत चांगली. रात्रीच जायचं असेल, तर जेवणाची गर्दी ओसरल्यावर जा. मात्र स्वयंपाकघर बंद व्हायच्या निदान पाऊण तास आधी पोहोचा. दमलेल्या आचाऱ्याकडून शेवटच्या मिनिटाला केक भाजून घेणं हेही बरं नव्हे.

तिसरी गोष्ट, जागा. मोठ्या हॉटेलात जेवणाच्या दालनाखेरीज बहुधा कॉफी शॉप किंवा लाउंज असतं. तिथं कॉफी आणि केक हीच रीतसर ऑर्डर. मुंबईचं ताजमहाल हॉटेल १९०३ साली उघडलं. त्यातल्या समुद्राकडे तोंड असलेल्या ‘सी लाउंज’मध्ये दुपारचा चहा घेणं ही जुनी रीत आहे. तिथं चहा-केकवर बसलेल्या माणसाला कुणी गरीब समजत नाही. अशी सोय असेल तर तिथंच बसा.

चौथी गोष्ट, बोलणं. दारातल्या माणसाला बसण्यापूर्वीच सांगा, ‘‘आम्हाला फक्त गोड घ्यायचंय, कुठं बसू?’’ मेन्यूकार्ड अर्धा तास चाळून मग सांगितलं, तर दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखं होतं. सुरुवातीलाच सांगितलं, की तो कोपऱ्यातलं लहान टेबल देतो आणि आपणही निर्धास्त होतो. दिलेली जागा खिडकीजवळची नसली तरी हट्ट धरू नये.

आता मागवायचं किती? माणशी एक मागवलं तर प्रश्नच नाही. नाहीतर चौघांत दोन पदार्थ आणि जादा चमचे मागणं अगदी रास्त आहे. चौघांत एकच पदार्थ, हेही निवांत वेळी चालतं, फक्त बैठक लांबवू नये. खाऊन झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं गप्पा ठीक. त्यानंतर उठावं. गरम चॉकलेटचा केक आतून पातळ राहावा म्हणून आयत्या वेळी भाजतात, त्याला वेळ लागतो. तेव्हा घाई करू नये. घरून केक नेऊन तिथं कापायचा असेल, तर आधी परवानगी घ्यावी. काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे घेतात.

भिवंडीसारख्या गावात, जिथं नाना पंथांची माणसं शेजारी राहतात, तिथं आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. पदार्थात काय आहे ते विचारायला संकोच करू नका. केकमध्ये अंडं असू शकतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मूस, पन्ना कोटा, काही चीजकेक यांत जिलेटीन असतं आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. कधी गायीगुरांच्या, कधी डुकराच्या. तिरामिसू या इटालियन पदार्थात अंडं असतं आणि पुष्कळदा रम किंवा गोड वाइनही घालतात. शाकाहारी असो की मुसलमान, दोघांनाही हे कळायला हवं. काही आचारी जिलेटीनऐवजी समुद्री शेवाळापासून बनलेलं अगर-अगर वापरतात. आपल्या घरी ‘चायना ग्रास’ म्हणून येतं तेच हे. वेटरला माहीत नसेल तर ‘‘जरा आत विचारून सांगता का?’’ असं म्हणावं. हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. चांगला आचारी त्याचं उत्तर आनंदानं देतो.

शेवटी बिल. बहुतेक रेस्टॉरंटांत पाच टक्के जीएसटी असतो, मोठ्या हॉटेलांच्या आवारात तो अठरा टक्केही असू शकतो. तेव्हा कार्डावरच्या किमतीत तेवढी भर धरूनच हिशेब करावा. सेवाशुल्क ही वेगळी बाब. ते बिलात आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. लावलेलं दिसलं, तर शांतपणे काढायला सांगता येतं. पाण्याचंही तसंच. बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे रेस्टॉरंट घेऊ शकतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. म्हणून बाटली उघडण्यापूर्वीच ‘‘साधं पाणी द्या’’ असं सांगावं. बक्षिशी मात्र बिलाच्या रकमेवर मोजू नये. दोनशेच्या बिलाचे दहा टक्के म्हणजे वीस रुपये, पण वेटरच्या फेऱ्या तेवढ्याच झालेल्या असतात. वेळ घेतला असेल, तर थोडी सढळ हातानं द्यावी.

हा झाला पाहुण्याचा शिष्टाचार. यजमानाचाही असतो. गर्दीच्या वेळी ‘‘आज जागा नाही, तासाभरानं या’’ असं सांगण्याचा त्याला हक्क आहे. पण कपड्यांकडे, चपलांकडे बघून कपाळाला आठ्या घालण्याचा हक्क त्याला नाही. किमान रकमेची अट असेल तर ती फोनवर आणि दारातच स्पष्ट सांगावी. आज केक खायला आलेली पोरगी उद्या पहिल्या पगारावर आई-बापाला तिथंच जेवायला घेऊन येणार आहे, हे धंद्याच्या दृष्टीनंही लक्षात ठेवलेलं बरं.

आमचे शेजारी त्याच आठवड्यात बुधवारी, दुपारी साडेचारला गेले. दोन केक आणि चार चमचे. परत आल्यावर मी विचारलं, ‘‘काय, कसं झालं?’’

ते हसले. म्हणाले, ‘‘केक बरा होता, मास्तर. आपला मालपुवा त्याला भारी आहे. पण फोन पोरीनंच केला, जागा तिनंच मागितली, केकमध्ये काय काय आहे तेही तिनंच विचारून घेतलं. मी नुसता बसलो होतो.’’