तळोज्यातली चाळीस मिनिटं: फील्डवर्कसाठी कॅमेरा, आवाज आणि फ्रेम रेट

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी तळोज्याजवळच्या एका आगरी पाड्यात एका आजींचं चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. मे महिना, दुपारची वेळ, डोक्यावर पंखा. कासाडीच्या खाडीत पूर्वी निवटे, चिंबोऱ्या, कोळंबी कशी मिळायची, हे आजी हातवारे करून सांगत होत्या. मी कॅमेरा तिपाईवर ठेवला, सगळं 'ऑटो'वर सोडलं, लाल बटण दाबलं आणि वहीत टिपणं काढत बसले. घरी येऊन पाहिलं तर चित्रात आडवे काळे पट्टे वरखाली सरकत होते. आवाजात पंखा जास्त आणि आजी कमी.

'पावसाळ्यानंतर परत जाऊ' असं म्हटलं आणि खरंच गेले. तोवर आजी गेल्या होत्या.

हा लेख त्या चाळीस मिनिटांमुळे लिहिते आहे. तुमच्यापैकी बरेच जण लवकरच पहिल्यांदा फील्डवर जाणार आहात. संशोधनपद्धतीच्या तासाला प्रश्नावली, नमुना निवड, संमतिपत्र सगळं शिकवतात. कॅमेऱ्याच्या मेनूत काय निवडायचं ते मात्र फारसं कोणी सांगत नाही.

आधी ठरवा: तुमचा पुरावा कशात आहे?

माझा विषय बोलीतले उच्चार. आगरी बोलीत जुनी माणसं 'पाणी'ला 'पानी' आणि 'तळोजा'ला 'तलोजा' म्हणतात. शाळा-कॉलेजात गेलेली नातवंडं 'ण' आणि 'ळ' म्हणायला लागतात, कधी कधी एकाच वाक्यात दोन्ही येतात. म्हणजे माझा सगळा पुरावा एका व्यंजनात आहे. 'ळ' उच्चारताना जीभ मागे वळून झटकन खाली येते, आणि हा सगळा प्रकार व्हिडिओच्या जेमतेम एखाद्या फ्रेमइतक्या वेळात उरकतो. तो डोळ्यांनी पकडता येत नाही, कानांनीच पकडावा लागतो. तरी मी त्या दिवशी सगळं लक्ष चित्राच्या चौकटीकडे दिलं होतं.

तुमचा विषय हस्तकला असेल तर पुरावा हाताच्या हालचालीत असेल. मुलाखत असेल तर शब्दांत. नदीचं पाणी असेल तर कदाचित रंगात. आधी हे ठरवा, सेटिंग त्यावरून ठरतं.

काळे पट्टे कुठून आले?

आपल्याकडे घरगुती वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट किंवा स्वस्तातला एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळतं.

आता हिशोब बघा. दिव्याचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं. शटर १/५० ठेवलं तर प्रत्येक फ्रेमला २० मिलिसेकंद उजेड मिळतो, म्हणजे बरोबर दोन आवर्तनं. १/१०० ठेवलं तर बरोबर एक. प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड, म्हणून पट्टे नाहीत. माझ्या कॅमेऱ्याने १/६० घेतलं होतं. त्यात येतात साधारण १६.७ मिलिसेकंद, म्हणजे एक आणि दोन-तृतीयांश आवर्तन. त्यामुळे कुठल्या भागाला उजेड जास्त, कुठल्या भागाला कमी.

म्हणून भारतात दिव्याच्या उजेडात शूटिंग करताना शटर १/५० किंवा १/१०० वर पक्कं करा. इथे एक गैरसमज दूर करते: पट्टे फ्रेम रेटमुळे येत नाहीत, शटरमुळे येतात. तुमचा फोन ३० फ्रेमच्या खाली जातच नसेल तरी घाबरू नका. मॅन्युअल अॅपमध्ये शटर १/५० ला बांधलं की काम होतं.

२४, २५ की ३०?

हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. फाळक्यांच्या १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या काळात कॅमेरा हाताने फिरवत, वेग थोडा मागेपुढे झाला तरी चालून जायचं. बोलपट आले तशी पंचाईत झाली. आवाजाची पट्टी फिल्मवरच असल्यामुळे वेग बदलला की आवाज चिरका किंवा घोगरा व्हायचा. म्हणून सेकंदाला २४ फ्रेम हा वेग पक्का झाला. मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२चा, म्हणजे याच काळातला.

टीव्हीने आपला वेग विजेला बांधला. ५० हर्ट्झच्या देशांत २५ फ्रेम, ६० हर्ट्झच्या अमेरिकेत ३०. पुढे रंगीत टीव्हीसाठी अमेरिकेने ३०चे २९.९७ केले. आपल्याकडे १९८२ला रंगीत दूरदर्शन आलं ते पाल पद्धतीचं, म्हणजे २५ फ्रेमचं. कॅमेऱ्याच्या मेनूत 'पाल / एनटीएससी' असा पर्याय अजून दिसतो, त्याचं मूळ हे.

संशोधनासाठी माझा सल्ला: पाल निवडा, २५ फ्रेम ठेवा. कारण २५ म्हणजे नेमके २५. कॅमेऱ्याच्या मेनूत '३०' लिहिलेलं असतं तेव्हा आत बहुतेक वेळा २९.९७ असतात. एखाद्या सॉफ्टवेअरने ते ३० धरले तर तासाला ३.६ सेकंदांची चूक होते. उच्चारांचं किंवा हातवाऱ्यांचं टिपण वेळेनुसार करणाऱ्याला ही चूक महागात पडते. हातांच्या वेगवान हालचाली अभ्यासायच्या असतील तर ५० फ्रेम आणि १/१०० शटर घ्या.

फोनवाल्यांसाठी वेगळी सूचना. बहुतेक फोन 'बदलता फ्रेम रेट' वापरतात, उजेड कमी झाला की फ्रेम गुपचूप कमी करतात. अशी फाइल एलानसारख्या टिपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली की चित्र आणि आवाज हळूहळू वेगळे होत जातात. हँडब्रेकमध्ये 'स्थिर फ्रेम रेट' निवडून आधी प्रत तयार करा आणि त्या प्रतीवर काम करा. मूळ फाइलला हात लावू नका.

आवाज: इथे पैसे आणि वेळ घाला

तळोज्यात शांतता शोधणं अवघडच. मुंब्रा-पनवेल रस्त्यावर कंटेनर, दिवा-पनवेल मार्गावर मालगाड्या, एमआयडीसीची घरघर, आणि नोव्हेंबर २०२३पासून पेंधरपर्यंत मेट्रो. हे सगळं बंद करता येणार नाही. माइक बोलणाऱ्याच्या जवळ नेता येतो, आणि खरा उपाय तोच आहे.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. कॅमेरा दोन मीटरवर, आणि कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत, म्हणजे २० सेंटिमीटरवर. अंतर दहापट कमी झालं, म्हणजे आवाज २० डेसिबलने वाढला. कंटेनर मात्र आहे तिथेच, तेवढाच मोठा. हजार रुपयांचा कॉलर माइक महागड्या कॅमेऱ्याच्या आतल्या माइकपेक्षा चांगला ठरतो तो यामुळे.

माझा सगळ्यात मोठा गुन्हा मात्र 'ऑटो गेन'चा. माणूस बोलायचं थांबला की ही सोय आवाजाची पातळी आपोआप चढवते. आजी आठवायला थांबायच्या, तेवढ्यात पंखा मोठा व्हायचा. त्या परत बोलायला लागल्या की पहिला शब्द फाटायचा. माझ्या फाइलमध्ये कितीतरी वाक्यांची सुरुवात अशी गेली आहे. 'पानी' म्हणाल्या की 'पाणी', हे आज मी छातीठोक सांगू शकत नाही. ज्या ठिकाणी सांगता येत नाही तिथे संशोधकाने सांगू नये, म्हणून ते रेकॉर्डिंग माझ्या विश्लेषणात नाही.

तेव्हा:

- ऑटो गेन बंद. फोनमधलं 'नॉइज रिडक्शन'ही बंद, ते पंख्याबरोबर व्यंजनांच्या कडाही खातं.
- फॉरमॅट वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एमपी३ नको.
- नेहमीच्या बोलण्यात काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचावा. शून्याला कधीच लागू नये. माणूस हसला की आवाज एकदम चढतो, त्यासाठी ही जागा मोकळी ठेवायची.
- ओटीवर किंवा खाडीकिनारी बसलात तर माइकला केसाळ टोपी हवीच. वारा नंतर काढता येत नाही.
- हेडफोन लावून ऐका. काटा हलतोय म्हणजे आवाज चांगला येतोय असं नाही.

रेकॉर्डर वेगळा असेल तर सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, तासाभरात एक-दोन फ्रेमचा फरक सहज पडतो. शेवटच्या टाळीमुळे तो मोजता येतो. आणि ही टाळी माइकजवळ वाजवा. आवाजाला १० मीटर यायला साधारण २९ मिलिसेकंद लागतात आणि २५ फ्रेममध्ये एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे लांबून वाजवलेली टाळीच पाऊण फ्रेमने चुकते.

रंग हा पुरावा असेल तर

ऑगस्ट २०१७मध्ये तळोजा एमआयडीसीतल्या निळ्या झालेल्या कुत्र्यांचे फोटो जगभर फिरले. कारखान्यातल्या रंगाचा प्रश्न पुढे आला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारवाई केली. संशोधक म्हणून यातून एक धडा घेण्यासारखा आहे: तिथे रंग हाच पुरावा होता. तुम्ही कासाडीचं पाणी किंवा कपड्यांची रंगाई चित्रित करत असाल आणि 'व्हाइट बॅलन्स' ऑटोवर असेल, तर कॅमेरा स्वतःच्या अंदाजाने रंग बदलत राहतो. ढगाळ दिवशी सगळंच निळसर येऊ शकतं. म्हणून व्हाइट बॅलन्स पक्का करा आणि प्रत्येक ठिकाणी सुरुवातीला करड्या कार्डाचे पाच सेकंद घ्या. उद्या कोणी 'हा रंग खरा कशावरून?' विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं.

कार्ड, बॅटरी आणि माणसं

फुल एचडी पुरे. ५० मेगाबिटला तासाला साधारण २२.५ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर पावणेतीन तास. १०० मेगाबिटच्या फोर-केला याच्या दुप्पट. काही कॅमेरे अर्ध्या तासाला आपोआप थांबतात, ते आधी तपासा. त्याच रात्री दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी.

पंखा बंद करायला सांगणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण मे महिन्यात सत्तरीच्या माणसाला घामात बसवून आपलं रेकॉर्डिंग शुद्ध करायचं, हे मला पटत नाही. मी आता सकाळी सातला जाते. तेव्हा पंखाही लागत नाही आणि रस्त्याचाही त्रास कमी असतो. माइक कसा लावायचा ते दाखवते, पण लावायचं काम त्यांच्या नातीला किंवा सुनेला देते. पदराखाली माइक गेला तर घासल्याचा आवाज येतो आणि बांगड्याही वाजतात, म्हणून पदराच्या वरच्या बाजूला. माणसाला दाराकडे तोंड करून बसवते, म्हणजे चेहऱ्यावर उजेड राहतो. आणि रेकॉर्डिंग कशासाठी, कोण ऐकणार, नको वाटलं तर कधीही थांबवता येईल, हे बटण दाबायच्या आधी सांगते.

मग दोन मिनिटं चाचणी. गप्पा मारायच्या, रेकॉर्ड करायचं, थांबवायचं, हेडफोनवर पूर्ण ऐकायचं. त्या दुपारी मी एवढं जरी केलं असतं तरी पंखा तेव्हाच ऐकू आला असता.

आजींच्या नातवाने नंतर फोन केला. "ताई, आजीचा तो व्हिडिओ द्याल का? पंख्याचा आवाज असला तरी चालेल." मी लगेच दिला. त्याच्यासाठी ती चाळीस मिनिटं वाया गेलेली नाहीत. माझ्या प्रबंधासाठी गेली. पुढच्या वेळी तुम्ही कोणाच्या ओटीवर बसाल तेव्हा ते रेकॉर्डिंग दोघांच्याही उपयोगी पडावं, इतकी तयारी करून जा.