साडेबाराला आमच्या अंगणात, पावणेतीनला मक्केत

मे महिन्याच्या अखेरीस एका दुपारी माझी मुलगी अंगणात उभी राहून भोकाड पसरून रडायला लागली. तिची सावली हरवली होती. वाकून पायाशी बघितलं, गर्रकन मागे वळून बघितलं, पण सावली नाहीच. पाण्याच्या कळशीची सावलीही तिच्याच बुडाखाली गडप. त्या दिवशी सूर्य बरोब्बर डोक्यावर होता, शून्य सावलीचा दिवस. तिला कडेवर घेतलं, डोळे पुसले, आणि तेव्हापासून जी गोष्ट मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे, ती तुम्हालाही सांगते.

मक्का शहर 21.4 उत्तर अक्षांशावर आहे. आपलं नंदुरबारही 21.4 वरच! शहादा आणि तोरणमाळच्या वाटेवरचं आमचं म्हसावद त्याहून अगदी किंचित वर. नकाशावर पट्टी ठेवून मक्केपासून पूर्वेकडे सरळ रेघ ओढा. अरबस्तानचं वाळवंट, समुद्र, सौराष्ट्र, सुरत जिल्हा ओलांडून ती थेट आपल्या जिल्ह्यात शिरते. म्हणूनच 28 मेच्या आसपास दुपारी साडेबाराला सूर्य आमच्या कळशीची सावली गिळतो, आणि तोच सूर्य आपल्या घड्याळात 2 वाजून 48 मिनिटं झाली की काबेच्या माथ्यावर पोहोचतो. म्हसावद ते मक्का, सव्वादोन तासांत! त्या क्षणी जगात जिथे जिथे ऊन असेल तिथे सूर्याकडे तोंड करा, तोच किब्ला, नमाजाची दिशा. जुन्या काळच्या खगोलज्ञांनाही ही युक्ती ठाऊक होती. जुलैच्या मध्याला सूर्य परत जाताना हाच खेळ पुन्हा होतो, पण तेव्हा सातपुड्यावर ढग असतात आणि आम्ही पेरणी-निंदणीत.

अक्षांश एक म्हणजे दिवसाची लांबीही जवळपास एकच. त्यामुळे मक्केतला रोजा जेवढ्या तासांचा, साधारण तेवढ्याच तासांचा आमचाही. नागपूरला दिलेल्या माझ्या नणंदेचा रोजा मात्र आमच्या अठरा-वीस मिनिटं आधी सुटतो. ती फोन करून ‘आमचं सरबत पिऊन झालं’ म्हणते. तिची सेहरी, म्हणजे रोजाआधीचं पहाटेचं जेवणही तेवढंच आधी संपलेलं असतं, याची मी तिला दर वर्षी आठवण करून देते.

ताटातले पाहुणे

सेहरीला आमच्याकडे दादरची भाकरी असते. दादर म्हणजे आपल्या तापीकाठची रब्बी ज्वारी. सोबत उडदाची डाळ आणि लसणाचा ठेचा. पाव किंवा शेवया खाल्ल्या तर दहा वाजताच पोट ओरडायला लागतं, भाकरी मात्र दुपार काढून देते. पहाटे साडेतीनला मी भाकऱ्या थापायला बसते तेव्हा शेजारच्या घरात म्हशीचं दूध काढायची वेळ व्हायची असते. तरी कधी कधी भिंतीपलीकडून काकूंचा आवाज येतो, ‘काय करी ऱ्हायनी व माय?’ त्यांना ठाऊक असतं मी काय करते आहे ते. तरी विचारतात. मला त्या आवाजाची सवय झाली आहे.

संध्याकाळचं ताट बघा. खजूर परदेशातून आलेला, पण बाकी फळं शहादा तालुक्याची. पपई आणि केळी आमच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी असतात. कापलेल्या फळांवर मी चाट मसाल्याऐवजी आमचूर भुरभुरते, धडगावकडच्या डोंगरात आदिवासी बाया कैरीच्या फोडी वाळवून करतात तो.

आता गंमत अशी, की या ताटातले बरेच जण पाहुणे आहेत. पपई मूळची मध्य अमेरिकेतली. मिरचीही अमेरिकेतली, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर इथे उतरली. ज्या नंदुरबारच्या पथारींवर हंगामात लाल गालिचा अंथरल्यासारखी मिरची वाळत असते, जिचा ठसका रस्त्यावरून जाणाऱ्यालाही लागतो, त्या नंदुरबारला पाचशे वर्षांपूर्वी मिरची म्हणजे काय हेच माहीत नव्हतं! शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. आणि जिला आपण आपल्या मातीची म्हणून मिरवतो ती ज्वारी आफ्रिकेतून आलेली, फार जुनी, काही हजार वर्षांपूर्वीची.

मग त्याआधी लोक काय खात होते? याचं उत्तर देणारा एक पाहुणा 1342 च्या सुमारास नंदुरबारलाच येऊन गेला. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. दौलताबादहून खंबायतकडे जाताना तो इथे थांबला. त्यानं लिहून ठेवलं आहे, की या गावात मराठे राहतात, ते कारागिरीत हुशार आहेत, वैद्य आहेत, ज्योतिषी आहेत. त्यांच्यातले थोर लोक भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात आणि जेवणाआधी अंग धुऊन स्वच्छ होतात. मैलोन्मैल भटकलेल्या माणसाला नंदुरबारची स्वच्छता लक्षात राहिली, हे वाचून मला फार बरं वाटलं. हात-पाय धुतल्याशिवाय दस्तरखानाला शिवू न देणारी माझी सासू त्याला नक्की आवडली असती.

दालच्याबद्दलही सांगायलाच हवं. मटण, दुधी आणि तुरीची डाळ एकत्र शिजली की दालचा होतो. माझ्या हातचा दालचा घरी सगळ्यांना आवडतो, त्याचं निम्मं श्रेय नवापूरच्या तुरीला. आपल्याच जिल्ह्यातल्या या तूरडाळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती लवकर शिजते आणि तिला स्वतःचा एक वास आहे. गरम डाळीवर झाकण उघडलं की तो आधी येतो, मटणाचा नंतर.

आणि मांडे! खान्देशात खापरावर टाकलेली ती हातभर पुरणाची पोळी सगळ्यांना माहीत आहे. पण बऱ्हाणपूरच्या दावतीत रुमालीसारखी जी पातळ, मोठी रोटी वाढतात तिलाही मांडाच म्हणतात. एकात पुरण, दुसरीसोबत सालन, नाव एकच.

आईची धावपळ

हजला गेलेला माणूस सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या मारतो. सगळं मिळून तीन किलोमीटरच्या आसपास चालणं होतं. राजा असो की मजूर, कुणाची सुटका नाही. या फेऱ्या कुणाच्या आठवणीत आहेत? एका आईच्या. हाजरा आपल्या तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत त्या दोन टेकड्यांमध्ये सैरावैरा धावली होती. झमझमचं पाणी त्याच बाळापाशी फुटलं. बाळाला तहान लागली म्हणून आई धावली, आणि ते धावणं इबादत झालं. उन्हाळ्यात नळाला पाणी येत नाही आणि मी कळशी घेऊन दोन गल्ल्या पलीकडे जाते, तेव्हा हाजराची आठवण येते. खरंच येते.

अंगावर पाजणाऱ्या आईला रोजा पुढे ढकलायची मुभा आहे, गरोदर बाईलाही. राहिलेले रोजे वर्षभरात सवडीनं ठेवायचे. मुलगी तान्ही होती त्या रमजानचे माझे रोजे मी थंडीत पूर्ण केले, दिवस लहान होते, एकटीच होते. घरात सगळे जेवत असताना आपण एकटीनं रोजा ठेवणं भर रमजानपेक्षा अवघड असतं, हे ज्यांनी ठेवलेत त्या बायांना विचारा. बाळाला पूर्ण दोन वर्षं पाजण्याचा उल्लेख कुरआनात आहे. जागतिक आरोग्य संघटनाही दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजा असंच सांगते. आमच्या आशाताई घरी आल्या तेव्हा त्यांनी हे सांगितलं आणि सासू मान डोलवून म्हणाली, मी काय वेगळं सांगत होते?

बाळंतपणाचं दुःखही या तापीकाठानं पाहिलेलं आहे. 1631 च्या जूनमध्ये मुमताज महल बऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात गेली. ताजमहाल आग्र्यात, पण तिची पहिली कबर तापीच्या काठी, जैनाबादच्या बागेत. सहा महिन्यांनी तिला तिथून हलवलं. तीच तापी पुढे वाहत आपल्या शहादा तालुक्यात, प्रकाशाला येते. त्या बाळंतपणात जन्मलेली मुलगी गौहर आरा मात्र जगली, चांगली पंच्याहत्तर वर्षं. शहेनशहाच्या बायकोला जे मिळालं नाही ते आज आमच्या गल्लीतल्या पोरीला मिळतं. ती दवाखान्यात बाळंत होते, चाळीस दिवस डिंकाचे लाडू खाते आणि बाळ घेऊन घरी परत येते. मला हा भाग लिहिताना थांबावंसं वाटतं.

चार वर्षं, चार महिने, चार दिवस

मूल इतक्या वयाचं झालं की त्याची बिस्मिल्लाह करायची, म्हणजे पहिला धडा. ही आपल्या हिंदुस्थानातली जुनी रीत. आम्ही कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केला होता. मुलीनं त्या दिवशी अलिफ म्हटला, गुलाबाचा हार घातला आणि संध्याकाळी अंगणवाडीत शिकलेलं ‘अ अननसाचा’ही सगळ्यांना ऐकवलं.

तिला शब्दांची भारी हौस. तवा, मसाला, हलवा, सरबत, बर्फी हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले, असं मी तिला सांगितलं. बर्फी म्हणजे बर्फासारखी. आणि शीरखुर्मा? शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. नावातच कृती! आमच्याकडे त्यात मूठभर चारोळी हवीच, ती सातपुड्याच्या जंगलातली. टणक बी फोडून आतला दाणा काढायचा, कष्टाचं काम आहे. म्हणून ती मी शेवटी टाकते, तुपात नुसती गुलाबी करून.

पाडवा रविवारी, ईद सोमवारी

हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2030 साली तर तो दोनदा येईल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. शेजारच्या काकूंचं पंचांगही चंद्राचंच, पण तिथे सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास घालून ऋतू जागेवर बसवतात. काकूंचा जावई धोंड्याच्या महिन्यात अनारसे खायला येतो, त्यातले चार आमच्या घरी येतात.

2025 साली मात्र दोन्ही चंद्र एकाच रांगेत आले. 30 मार्चला गुढीपाडवा, 31 मार्चला ईद. एकच अमावास्या संपली, एका घरी गुढी उभी राहिली आणि दुसऱ्या घरी चंद्रकोर बघायला सगळे गच्चीवर. रविवारी काकूंचं श्रीखंड आलं. सोमवारी त्याच स्टीलच्या डब्यात मी शीरखुर्मा भरून पाठवला, वरून चारोळी जास्त घालून. मंगळवारी डबा परत आला तो बिबड्यांनी भरलेला, नुकतेच वाळलेले, ज्वारीचे, तीळ लावलेले. भाजायला म्हणून चूल पेटवेपर्यंत मुलीनं तीन कच्चेच खाल्ले होते.