रानाचा उतार : उपग्रह, ड्रोन आणि डंपी लेव्हल



क्षारपड आणि पाणथळ रानात सच्छिद्र नळ्या पुरून निचरा करण्याविषयी बरेच सभासद सध्या गट ऑफिसात चौकशी करीत आहेत. त्यात हमखास एक प्रश्न निघतो : “साहेब, मोबाईलवर रानाची उंची दिसतीय, उपग्रहाचा नकाशा फुकट मिळतोय, मग लेव्हल काढायला पैसे कशाला घालायचे?” प्रश्न रास्त आहे, म्हणून खुलासा करीत आहोत.

प्रथम आपली गरज पाहू. नळीला शंभर मीटरला २० सेंटिमीटर उतार धरला, तर २०० मीटर लांबीच्या रानात दोन टोकांत फरक पडतो ४० सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम हातभर. हा हातभर फरक ज्या मापाने खात्रीने कळेल, तेच माप आपल्या कामाचे.

फुकट मिळणाऱ्या बऱ्याच नकाशांचे मूळ एकच आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या ‘एन्डेव्हर’ यानाने ११ दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने जमिनीची उंची मोजली. यानातून ६० मीटरचा दांडा बाहेर काढून त्याच्या टोकाला दुसरा अँटेना बसविला होता. दोन डोळ्यांनी आपल्याला अंतर कळते, तसाच हा प्रकार. आशिया-युरोप खंडात त्यातली चूक दहापैकी नऊ ठिकाणी सुमारे ६ मीटरच्या आत आली. अख्ख्या खंडाच्या मोजणीला हे थोरच म्हणायचे. पण ६ मीटर म्हणजे २० फूट! शिवाय नकाशातला एक चौकोन ३० मीटरचा, म्हणजे जवळजवळ ९ गुंठ्यांना एकच आकडा. आपल्या देशाचा ‘कार्टोसॅट-१’ मे २००५ मध्ये गेला. त्याच्या दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांवरून केलेल्या नकाशाची चूकही ८ मीटरच्या घरात आहे.

दुसरी अडचण पिकाची. या रडारची लाट दाट झाडीतून खाली जमिनीपर्यंत नीट पोचत नाही. ठाण्याला कोपरीच्या बाजूने खाडीकाठी तिवरांचे रान आहे. अशा ठिकाणी लाट शेंड्याजवळूनच परतते आणि सखल जमीन नकाशात उंच दिसते. वस्तीत इमारतींमुळे तेच होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये कल्प आणि स्ट्रॉस या संशोधकांनी जगभरच्या किनाऱ्यासाठी ही चूक दुरुस्त केली, तेव्हा समुद्र चढल्यास धोक्यात येणाऱ्या लोकांचा आकडा आधीच्या अंदाजाच्या तिप्पट निघाला. मुंबईच्या नकाशावरून त्या वेळी बरीच चर्चाही झाली. आपल्याकडे फेब्रुवारी म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात; काही रान तुटलेले, काही उभे. तेव्हा त्या नकाशात दिसणारा उंचवटा जमिनीचा की उसाचा, हे कोणी सांगावे?

मोबाईलची गोष्ट याहून नाजूक. जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे. महाराष्ट्रात या दोहोंत साठ मीटरांहून अधिक अंतर आहे. कोपरीच्या खाडीवर उभे राहून कच्चा आकडा वाचला तर तो उणे साठाच्याही खाली येईल! बरीच ॲप हा फरक दुरुस्त करून दाखवितात, काही दाखवीत नाहीत. त्यातून मोबाईलची स्वतःची चूक ५-१० मीटर असू शकते. दोन मोबाईल घेऊन शेजाऱ्याशी पाण्याचा वाद घालू नये, एवढे आमचे सांगणे.

महापुराच्या बाबतीतही हेच. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट. दोन पातळ्यांत फरक १२ फुटांचा आणि नकाशाची चूक २० फुटांपर्यंत. असल्या नकाशावरून लागण कुठवर न्यावी हे ठरविणे धोक्याचे आहे.

विमानातून लेसर सोडून केलेली मोजणी मात्र १०-१५ सेंटिमीटरपर्यंत येते. पानांच्या फटींतून काही किरण जमिनीपर्यंत पोचतात, हा तिचा मोठा गुण. पण एकट्या सभासदाच्या दोन-चार एकरांसाठी विमान कोण उडविणार?

कॅमेऱ्याचे ड्रोन आता आवाक्यात आले आहे. काम चांगले झाले तर चूक ५ ते १० सेंटिमीटर. त्याला दोन अटी. एक, जमिनीवर ठळक खुणा करून त्यांची उंची अचूक यंत्राने आधी मोजलेली हवी. दुसरी, रान मोकळे हवे, कारण कॅमेऱ्याला उसाचे शेंडेच दिसतात. तोडणीनंतर, खोडवा वर यायच्या आत उड्डाण करून घ्यावे. पाचट जाडसर पसरले असेल तर तेवढी उंची फुगते, हेही चालकाला सांगावे. खुणा न करता नकाशा देणारा भेटला तर सरळ नको म्हणावे. चित्र देखणे येते, उतार चुकतो.

तीन-चार सभासदांच्या लागून असलेल्या रानांचा मिळून निचरा करायचा असेल तर ड्रोन परवडतो. ओढ्यापर्यंतचा चर कोणत्या बाजूने काढावा याचा पहिला अंदाज उपग्रहाच्या नकाशावरून घ्यायलाही हरकत नाही. पण नळी पुरताना शेवटचा शब्द डंपी लेव्हलचा. तिपाई, दुर्बीण आणि खुणेची पट्टी यांनी शंभर मीटरवर फरक काही मिलिमीटरपर्यंत कळतो. लहान तुकड्याला गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळीही चालते, मात्र नळीत बुडबुडा राहू देऊ नये.

लेव्हल काढताना विहिरीचा कठडा किंवा पक्का दगड ही कायमची खूण धरावी आणि तिचा आकडा कागदावर लिहून घ्यावा. नळ्या पुरल्यावर चर बुजविण्याआधी त्याच खुणेवरून उतार पुन्हा तपासून घ्यावा.